ग्लासावरचे गाव

गुढीपाडवा. मोहर्लीच्या रस्त्यावरील बिअरगृहाच्या दारात 'यंदाच्या नव्या मोहाची ताजी बिअर' असा फलक लागला आणि त्याखाली एका गावाचे नाव. जबाबदार : मालक. तो नागपुरात राहतो आणि पत्रांना उत्तर देत नाही.

पाडव्यानंतरचा पहिला रविवार. वाघ पाहायला आलेल्या काही पाहुण्यांची तेथे बसल्यानंतर पोटे बिघडली. बिअरमुळेच बिघडली की आणखी कशाने, हे कोणी तपासले नाही. तरीही व्यवस्थापकाने त्यांना सांगितले की फुले गावकरी वाळवतात, वाळवण्यात काही राहून गेले असेल. जबाबदार : व्यवस्थापक.

रामनवमी. मोहाचे लाडू करून विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्या गावच्या बचतगटाला फोन करून 'यंदा तुमची फुले नकोत' असे कळवले. जबाबदार : वरील दोघे, आणि त्या गावच्या मोहाने पोट बिघडल्याचा निरोप आपापल्या फोनवरून पुढे ढकलणारे सर्व सुशिक्षित.

अक्षय्य तृतीया. बिअरगृहातील ग्लासांवरून गावाचे नाव नाहीसे झाले. जबाबदार : पुन्हा मालक. हा दिवस मी सर्वांत गंभीर मानतो. कारण पुढे येईल.

या चारही दिवशी तेथे बसलेले, फेसाची छायाचित्रे काढणारे आणि तोंडातून एक प्रश्न न काढणारे ग्राहक वेगळेच जबाबदार आहेत. हे लिखाण मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे.

मी निवृत्त लघुलेखक आहे. नोकरीचा सर्व काळ न्यायालयात इतरांची वाक्ये टिपून घेण्यात गेला. त्यात कोणाचे वाक्य कोठे लटपटते हे कानाला कळू लागते आणि निवृत्तीनंतर ती खोड जात नाही. आता मी एका लहानशा ग्राहक मंडळाचा चिटणीस आहे. चंद्रपुरातील एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमची बैठक भरते. खोलीत पंखा आहे, तो फिरतो, वारा मात्र लागत नाही. विजेचे मीटर, फुटलेले कुकर, वेळेवर न येणारे गॅस सिलिंडर, असे आमचे विषय. पत्रे मी लिहितो. अलीकडे पत्र लिहून झाले की टपालघराच्या पायऱ्या चढताना गुडघे विचारतात, आणखी किती.

शनिवारी दुपारी मी एक ग्लास बिअर पितो. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण माझ्याजवळ मद्यसेवनाचा आजीवन परवाना आहे. आपल्या राज्यात पिणाऱ्याने असा परवाना काढायचा असतो, हे पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे ते हसतात. माझा शनिवारचा सोबतीही हसतो. तो कोळसा खाणीतून निवृत्त झालेला ओव्हरमन, म्हणजे मजुरांच्या पाळीवर देखरेख करणारा, माझा शाळेपासूनचा मित्र. सध्या वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात मुलीकडे राहतो. तिकडे दारूबंदी आहे, म्हणून शनिवारी बसने इकडे येतो. परवाना मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाकिटात ठेवतो, हे त्याच्या करमणुकीचे मोठे साधन आहे.

"वाघानं धरलं तर त्यालेई दाखवजो," तो म्हणतो. "म्हनजो, थांब बाप्पा, मी कायदेशीर आहो."

चंद्रपुरातही काही वर्षे बंदी होती. ती उठली त्याला आता काळ लोटला. त्या वर्षांत येथील माणसाने पिणे सोडले नव्हते, सोडले होते ते विचारणे. बाटली कोठून आली, आत काय आहे, कोणी भरली, हे विचारायची सोय नव्हती. मिळाली यातच समाधान. बंदी उठली, दुकाने उघडली, आणि मग मोहर्लीच्या रस्त्यावर चकचकीत तांब्याच्या टाक्यांचे, स्वतः बिअर गाळणारे हे बिअरगृह आले. पण सवय उठली नाही. अजूनही आमचे लोक दाराकडे पाठ करून बसतात. घोट घेतला की ग्लास टेबलाच्या कडेला, मेनूकार्डाच्या आडोशाला सरकतो. ओळखीचा कोणी आत आला तर दोघेही एकमेकांना न पाहिल्यासारखे करतात आणि ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की नुकते बदलून आलेले अधिकारीसुद्धा महिन्याभरात ती शिकतात.

या बिअरगृहाची पहिल्या वर्षाची बिअर चांगली होती, हे मी नोंदवतो. गव्हाची बिअर, तीत मोहाची फुले. फुले जंगलालगतच्या एका गोंड गावातील बायकांच्या बचतगटाकडून रीतसर विकत घेतलेली. ग्लासावर पानांची नक्षी आणि गावाचे नाव. ते नाव मी येथे लिहीत नाही. पुष्कळांनी ते पुष्कळ ठिकाणी लिहिले आहे. बचतगटाच्या अध्यक्षबाईंनी तेव्हा तो एक ग्लास मागून नेला होता आणि त्यात त्यांच्या घरी बरेच दिवस चमचे उभे होते.

याच बाई रामनवमीनंतरच्या बैठकीला आमच्या खोलीत आल्या. पहाटेच्या बसने निघाल्या होत्या. त्या आल्या तेव्हा आमच्यातील एक सदस्य, निवृत्त मुख्याध्यापक, मिक्सरच्या हमीवर बोलत होते. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि मिक्सर संपेपर्यंत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी गिऱ्हाइकायचं पाहता म्हने. मंग आमचंई पाहा."

त्यांनी सांगितले ते असे. लाडूवाल्या व्यापाऱ्याला तो निरोप कोणीतरी फोनवर पाठवला होता : अमुक गावचा मोह, पोट बिघडले, सावध राहा. व्यापाऱ्याने माल पाहायलाही कोणाला पाठवले नाही. बिअरगृहाने तर मागच्या पावसाळ्यापासूनच घेणे बंद केले होते. तेव्हा बायकांना वाटले होते, मोठी माणसे आहेत, घेतील पुन्हा. ग्लासावर नाव आहे म्हणजे संबंध आहे, अशी त्यांची समजूत. नावाचा आणि फुलांचा संबंध सुटू शकतो हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

"मागच्या पावसाळ्यापासून एकही पोते गेले नाही?" मी विचारले.

"नाई. अन् यंदाचा तर कोनालेच गेला नाई. जाऊ शकतच नाई."

"का?"

बाईंनी माझ्याकडे, कोर्टात साक्षीदार कधीकधी नवख्या वकिलाकडे पाहतात, तसे पाहिले. त्यांच्या गावची रीत अशी आहे की यंदाचे फूल झाडाखालून वेचावे, वाळवावे, साठवावे; पण गावच्या देवापुढे पहिले फूल ठेवून पंडुम होत नाही, म्हणजे सण होत नाही, तोवर ते कोणी तोंडाला लावायचे नाही आणि गावाबाहेर द्यायचे नाही. पूजा करतो तो भुमक. त्यांचा म्हातारा भुमक होळीच्या सुमाराला वारला. सुतक फिटायचे, मग नवा माणूस बसायचा, मग सण. तोपर्यंत सगळ्या गावाची फुले घराघरांत बांबूच्या डाल्यांत झाकून होती. बाईंच्या स्वतःच्या घरात चुलीपर्यंत डाल्या आल्या होत्या, आणि वासाने नातू शिंकत होता.

"तं मले सांगा कोर्टवाले भाऊ," त्या म्हणाल्या, "पाडव्याले यायनं नवा मोह कुठून आनला?"

मला बरे वाटले. इतक्या वर्षांत आमच्या मंडळापुढे इतकी स्वच्छ बाब आली नव्हती. फलक म्हणतो यंदाचे, या गावचे. आणि यंदाचे या गावचे एक फूलही वेशीबाहेर पडलेले नाही. कायद्यात याला दिशाभूल करणारी जाहिरात म्हणतात आणि तिच्याविरुद्ध तक्रार करता येते.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. "तक्रार ग्राहकाने करायची असते," ते म्हणाले. "बाई ग्राहक नाहीत. त्या विकणाऱ्या आहेत. आणि यंदा तर विकणाऱ्याही नाहीत."

ते खरे होते. मला राग आला तो ते खरे होते म्हणून. ग्राहक कायद्याच्या दारात बाईंना उभे राहायला जागा नव्हती. बदनामीचा दावा त्या लावू शकत होत्या, पण त्या दाव्यांत माणसे म्हातारी होताना मी स्वतः टिपून घेतली आहेत. ज्याने पैसे मोजून तो ग्लास विकत घेतला त्यालाच सरळ विचारता येते : यात काय आहे, आणि हे नाव कशावरून? म्हणजे त्या गावाचे नाव आता बिअर पिणाऱ्यांच्या हातात होते. बाईंना मी हे समजावून सांगितले. त्या ऐकत राहिल्या.

"म्हनजे पेनाऱ्यायनं बोलाचं," त्या म्हणाल्या. "आमच्या गावात पेनारे लय बोलतेत. तुमचे नाई बोलत का?"

हनुमान जयंतीनंतरच्या शनिवारी मी, माझा मित्र आणि बाई असे तिघे बिअरगृहात गेलो. ऊन असे होते की ऑटोच्या लोखंडाला हात लागत नव्हता. फलक दारात होता. आत टाक्या चमकत होत्या, थंड होते, आणि पाच-सहा टेबले भरली होती. त्यांतील निम्मे चेहरे माझ्या ओळखीचे : वीज केंद्रातील अभियंते, एक दाताचे डॉक्टर, कोळसा कंपनीतील अधिकारी. माझ्यामागून लुगड्यातील बाई आत येताना पाहून दोन-तीन ग्लास मेनूकार्डाआड गेले.

मी एक मोहाची बिअर मागवली. ग्लास आला. पानांची नक्षी, गावाचे नाव. मी तो बाईंपुढे ठेवला आणि व्यवस्थापकाला बोलावले. हा तरुण पुण्याकडचा आहे, अतिशय गोड बोलतो.

"काका, आज पाहुणे घेऊन आलात. छान. मावशी, नमस्कार. आमच्या बिअरचा आत्मा म्हणजे तुमचं गाव, बरं का."

"हो का," बाई म्हणाल्या. "हा यंदाचा होय का?"

"एकदम ताजा. नवा मोह."

बाईंनी ग्लास हातात घेतला नाही. तो फक्त बोटाने थोडा लांब सारला. त्यांच्याकडे पिण्याआधी थेंब जमिनीवर सोडतात, गेलेल्यांसाठी. तेही त्यांनी केले नाही.

"बाबू, आमचा सन झाला नाई अजून. आमचा भुमक मेला. सन होये परेंत नवा मोह आमी तोंडाले लावत नाई, बाहेर देत नाई. हा आमचा असन तं मी पेऊ शकत नाई, अन् तुमालेई कोनी देल्ला ते सांगा, त्याले गावात बोलावतो. अन् आमचा नसन तं आमचं नाव यावर काऊन हाये?"

व्यवस्थापक हसला. मग त्याने आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिले आणि हसणे थोडे कमी केले. "मावशी, माल पुरवठादार आणतो. रेसिपी ही आमची व्यापारी गोपनीयता आहे. आणि गावाचं नाव म्हणजे एक प्रकारे ती प्रेरणा आहे."

"प्रेरना," बाई म्हणाल्या.

"पाहुण्यांची पोटं बिघडली तवा प्रेरना नव्हती बे," माझा मित्र मध्येच म्हणाला. "तवा वाळवनारे गावकरी होते. चांगलं निघालं तं तुमची रेसिपी, वाईट निघालं तं यायचं वाळवन."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसले आणि लगेच खोकल्यासारखे केले. मी उठून उभा राहिलो. त्या टेबलांना उद्देशून मी सांगितले की आपण सर्व येथे ग्राहक आहात. फलकावर लिहिलेली बाब खोटी असल्याचे आपल्यासमोर आत्ताच सांगितले गेले आहे. आपण फक्त एवढेच विचारायचे आहे की फुले कोणाची. माझा आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही, पण खोली लहान आहे. सर्वांना ऐकू गेले.

दाताच्या डॉक्टरांनी बशीतले शेंगदाणे निवडायला सुरुवात केली. एक अभियंता फोन कानाला लावून बाहेर गेला. कोळसा कंपनीतील अधिकारी, ज्यांना बिअरमधील कडवटपणा कोणत्या देशातील कोणत्या वेलीच्या फुलांतून येतो यावर बोलताना मी अनेक शनिवार ऐकले आहे, ते छताकडे पाहत राहिले. परदेशातील वेलीचे फूल त्यांना नावानिशी ठाऊक होते. आपल्या मागच्या जंगलातील फूल ग्लासात आहे की नाही, हा प्रश्न मात्र त्यांना अवघड गेला.

परतताना बसस्थानकावर उतरल्यावर बाई म्हणाल्या, "तुमचे पेनारे लय शांत हायेत भाऊ. आमच्याकडं असे असते तं बाया सुखी राह्यत्या." आणि बस पाहायला निघून गेल्या.

पुढील दिवसांत मी या गृहस्थांना एकेकटे गाठले. तक्रारीवर काही ग्राहकांच्या सह्या असाव्यात, एवढीच माझी इच्छा होती. मी एकटाही तक्रार करू शकतो आणि पुढे केलीही. परंतु एकट्या म्हाताऱ्याची तक्रार ही त्याच्या वयाचे लक्षण म्हणून वाचली जाते, हे मला अनुभवाने माहीत आहे.

डॉक्टर म्हणाले, "अहो, माझे पेशंट काय म्हणतील?" अभियंत्याने विचारले की तक्रारीत पहिला प्रश्न परवान्याचा निघाला तर? त्याच्याकडे नव्हता. मी म्हणालो, काढा; सरकार तो देते, आनंदाने देते. तो म्हणाला, म्हणजे मी पितो असे लिहून द्यायचे. अधिकाऱ्यांनी दार अर्धेच उघडले. घरात कसलीशी पूजा होती.

अखेर मी माझ्या मित्रालाच विचारले. तो इतका वेळ माझी गंमत पाहत होता, तो गंभीर झाला.

"भाऊ, तू मले मांगशील ते देतो. सही नको मागू. जावई तिकडच्या दारूबंदीच्या समितीत हाये. मी शनिवारी चंद्रपुरात दवाखान्यात येतो, असं घरी सांगून राह्यलो. पोरगी डबा देते सोबत. त्या डब्यावर मी कशी सही करू?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला. त्या मुलीला मी लहानपणापासून पाहिले आहे.

मग मी हा विषय मंडळाच्या बैठकीत मांडला. मंडळाच्या नावाने तक्रार गेली तर तिला वजन येते आणि कायदा तशी मुभा देतो. मुख्याध्यापक म्हणाले की उद्या लोक आपल्याला पिणाऱ्यांचे मंडळ म्हणतील. एक सदस्या म्हणाल्या, त्यांचे आयुष्य दारूने कसे गेले ते सर्वांना माहीत आहे आणि दारूच्या गुणवत्तेसाठी त्या बोट वर करणार नाहीत. त्यांचा नवरा मी ओळखत होतो. इतरांना मी एवढेच विचारले की कुकर फुटला तेव्हा भाजी सात्त्विक होती का, हे आपण विचारले होते का. मतदान झाले. विषय पडला. त्यानंतर चहा आला.

त्या दिवशी पंख्याखाली बसून मी सदस्यांची यादी मनात फिरवली. या खोलीत गॅस वापरणारे आहेत, वीज वापरणारे आहेत, औषधे घेणारे तर सर्वच. बिअर पिणारा म्हणून येथे बसलेला मी एकटा. बिअरगृहात माझ्यासारखे चाळीस बसतात आणि त्यांपैकी एकही येथे येत नाही. ते आले असते तर विषय पडला नसता. बैठकीत ज्यांची माणसे असतात त्यांचे विषय चालतात.

ताज्या बिअरचे रसिक मला सांगतात की त्यांना सामान्य पिणाऱ्यांत धरू नये. ते चवीसाठी पितात, कोणी गाळली, कशापासून गाळली, हे जाणून पितात, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. मला हे पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी त्यांना धरतो. कारखान्याची बाटली घेणारा मनुष्य गाव विकत घेत नाही. तुम्ही घेता. फलकावरील गाव, ग्लासावरील नक्षी, त्या बायकांची कहाणी, ही सर्व तुम्ही मोजलेल्या किमतीत धरलेली आहे. ती खोटी निघाली तर तुमची फसवणूक सर्वांत मोठी, आणि विचारण्याचा अधिकारही तुमचाच सर्वांत स्पष्ट. तुम्ही गप्प बसता तेव्हा तो अधिकार वाया जातो आणि तिकडे एका गावाची फुले डाल्यांत पडून राहतात.

मी माझ्या एकट्याच्या सहीने पत्रे पाठवली. मालकाला, त्याच्या व्यवस्थापकाला, परवाना देणाऱ्या कार्यालयाला आणि अन्न तपासणाऱ्या कार्यालयाला. एका कार्यालयाने कळवले की बाब दुसऱ्याच्या अखत्यारीत येते. दुसऱ्याने अजून कळवलेले नाही. मालकाकडून एक शब्द आला नाही.

अक्षय्य तृतीयेला मी पुन्हा गेलो. मित्र सोबत होता. दारातील फलक काढलेला होता. बिअर आली ती साध्या ग्लासात. काउंटरमागे जुन्या ग्लासांचा ढीग होता आणि त्यांच्यावरील अक्षरे कशाने तरी घासून काढली होती. पानांची नक्षी तेवढी शिल्लक होती. मेनूकार्डावर 'रानफुलांची बिअर' असे छापले होते.

व्यवस्थापक जवळ आला. "काका, तुमच्या भावनांचा आदर करून आम्ही नाव काढलं. आता काही तक्रार नाही ना?"

त्याला खरोखरच वाटत होते की त्याने उपकार केला आहे.

"जिंकलास बे," मित्र म्हणाला. मग माझा चेहरा पाहून, "नाई का?"

नाही. नाव होते तोवर निदान विचारता येत होते की हे कशावरून. आता ग्लासावर काहीच नाही, आणि लाडूवाल्याच्या फोनमध्ये आहे ते तसेच आहे : अमुक गावचा मोह, पोट बिघडले. पुसलेल्या ग्लासाने तर त्याला पुष्टीच दिली. बिअरगृहानेसुद्धा त्या गावाचा संबंध तोडला, काहीतरी असेलच, असे लोक आता म्हणतात. वीज केंद्रातील त्याच अभियंत्याने मला तसे सांगितले, सहानुभूतीने. चुकीचे वाक्य टिपले गेले तर ते कागदावरून खोडून भागत नाही; ज्याने उच्चारले त्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पुन्हा उभे राहून दुरुस्त करायचे असते. इतके तरी मी त्या नोकरीत शिकलो.

वैशाख संपताना त्या गावाचा सण झाला. बाईंनी मला बोलावले होते. नवा भुमक तरुण होता आणि फार घाबरलेला होता. त्याने पहिले फूल देवापुढे ठेवले, थेंब जमिनीवर सोडले, आणि मग घराघरांतून डाल्या अंगणात आल्या. सर्वांनी थोडे थोडे खाल्ले. मीही खाल्ले. फुले इतके दिवस झाकून असूनही चांगली होती. निदान त्या दिवशी कोणाचे पोट बिघडले नाही. पावसाळा जवळ होता आणि घेणारा कोणी नव्हता. एका डालीवर बाईंनी तो जुना ग्लास मापासाठी ठेवला होता, गावाचे नाव शाबूत असलेला. बहुधा तेवढा एकच आता उरला आहे.

"लिवलं का मंग?" बाईंनी विचारले.

"लिहिले. उत्तर नाही."

"पुन्हा लिवा. पन आता यकटे नका लिवू भाऊ. तुमी यकटे लिवता तं त्यायले वाटते म्हातारा हाये, थकन."

थकलो आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी तसे विचारलेही नव्हते.

म्हणून हे जाहीर लिखाण. ताजी बिअर पिणाऱ्या चंद्रपूरकरांनी आणि शनिवारी नदी ओलांडून येणाऱ्या गडचिरोलीकरांनी एखाद्या ग्राहक मंडळाचे सदस्य व्हावे. आमचे नको असेल तर दुसऱ्या कोणत्याही. अर्जात कोणते पेय घेता हा रकाना नाही. परवाना काढायचा असेल तर मी सोबत येईन. ज्यांना घरी सांगणे शक्य नाही त्यांनी सही करू नये. त्यांनी फक्त पुढच्या वेळी ग्लास समोर आल्यावर एकदा, मोठ्याने, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असे विचारावे : ही फुले कोणाची?

आणि मालकास. पत्रे आपल्याला पोचली आहेत, त्याची पोच टपालखात्याने मला दिली आहे. आता खाजगीत उत्तर नको. आपण स्वतः यावे, व्यवस्थापकाला पाठवू नये. ज्या दारात आपण फलक लावला होता त्याच दारात, आपल्या ग्राहकांसमोर आणि त्या बायकांसमोर उभे राहून सांगावे : पाडव्याला ग्लासात कोणाची फुले होती, ती त्या गावची होती की नव्हती, आणि नसतील तर पाहुण्यांच्या पोटाचा दोष त्या गावावर कोणी आणि कशाच्या आधारावर ठेवला. हे बोलताना गावाचे नाव पूर्ण घ्यावे. मी समोर बसलेला असेन, दाराकडे तोंड करून, आणि आपले प्रत्येक वाक्य टिपून घेईन.